रानातला शोध हिवाळ्यातच करावा

अमेरिकेच्या सरकारने २ मे २००० रोजी उपग्रहांच्या स्थाननिदर्शक संकेतांत संरक्षणाच्या कारणास्तव मुद्दाम मिसळलेली अशुद्धी काढून टाकली. तोवर सामान्य नागरिकाच्या हातातील यंत्राला शंभर मीटरांपर्यंत चुकवणारी ती व्यवस्था बंद होताच, दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक या वस्तीजवळ डेव्ह अल्मर नावाच्या संगणकतज्ज्ञाने झाडीत एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत एक नोंदवही होती, पेन्सिल होती, काही किरकोळ चीजवस्तू होत्या आणि बीन्सचा एक डबा होता. ज्याला ती सापडेल त्याने काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नाव लिहावे, एवढीच अट होती. आज ‘जिओकॅशिंग’ या नावाने जगभर चाललेल्या खेळाचा हा उगम. एका खंडापासून दुसऱ्या खंडापर्यंत अशा लक्षावधी डब्या दडवून ठेवलेल्या आहेत, त्यांवर कोणाचा पहारा नाही, आणि अनोळखी माणसे त्या शोधून, वहीत नोंद करून, होत्या तशाच परत ठेवतात.

या खेळाविषयी माझे एक ठाम मत आहे. पानझडीच्या अरण्यात तो हिवाळ्यातच खेळावा, आणि वसंत ते मध्य-उन्हाळा या काळात तेथील डब्या बंद ठेवाव्यात.

न्यू जर्सी राज्यात, न्यूयॉर्क महानगराच्या पश्चिमेस, एसेक्स परगण्याच्या ताब्यातील साउथ माउंटन रिझर्व्हेशन हे दोन हजार एकरांहून अधिक विस्ताराचे राखीव अरण्य आहे. संक्रांतीच्या सुमारास एका रविवारी आम्ही काही मराठी स्नेही अशीच एक डबी शोधायला तेथे गेलो होतो. ओक आणि ट्यूलिपवृक्ष निष्पर्ण उभे होते. फक्त कोवळ्या बीचवृक्षांनी गतवर्षीची फिकट, कागदासारखी पाने अजून धरून ठेवली होती आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकेसरशी ती खुळखुळत होती. झाडांच्या खोडांवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्या ही तेथील लेनापी ट्रेलची खूण. तिच्या आधाराने आम्ही ओढ्याच्या अंगाने चढत गेलो. पायाखालचा खडक मात्र आमच्या ओळखीचा निघाला. वॉचंग डोंगरांच्या या रांगा सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या बसाल्टच्या आहेत, आणि आपल्या दख्खनचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. वयात एवढे अंतर असूनही तोच काळसर वर्ण, तेच उभे तडे आणि भेगांत साठणारी तीच ओल पाहून, नाशिकच्या डोंगरांत बालपण घालवलेले आमचे एक स्नेही एका कातळावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

निश्चित स्थळापाशी पोहोचल्यावर त्यांच्या मुलाने फोन पुढे धरला. “काका, बाण नुसता गोल फिरतोय!” मोकळ्या आकाशाखाली फोनचे स्थाननिदान साधारण पाच मीटरांपर्यंत अचूक असते, झाडीत आणि कड्यालगत ते आणखी बिघडते. तेथून पुढे यंत्राची मदत संपते आणि डोळ्यांचे काम सुरू होते. मुलाने खडकांच्या दोन भेगा तपासल्या, एक कुजका ओंडका पाहिला, आणि अखेर त्याच्या लक्षात आले की एका कपारीपुढच्या काटक्या जरा अधिकच नीट, एकमेकींना समांतर पडल्या आहेत. निसर्ग इतका नीटनेटका नसतो. काटक्यांमागे चार कड्यांच्या झाकणाची प्लॅस्टिकची डबी होती, कड्यांवर बर्फ गोठलेला. हातमोजे काढून, तळव्यांची ऊब देऊन ती उघडावी लागली. आतल्या वहीत लिहायला पेन्सिलच होती, कारण कडाक्याच्या थंडीत शाईची लेखणी दगा देते. आमच्यातील एका वहिनींच्या मनात तेथे तिळगुळाची पुडी ठेवायची होती, परंतु वासाने प्राणी डबी फोडतात म्हणून अन्न ठेवण्यास या खेळात मनाई आहे. तेव्हा तिळगूळ आम्हीच खाल्ला आणि डबीत एक रंगीत भोवरा ठेवला.

आता या ऋतूचा आग्रह मी का धरतो ते सांगतो. जलयुक्त पर्णसंभार उपग्रहाचे क्षीण संकेत शोषून घेतो, म्हणून निष्पर्ण रानात यंत्र अधिक खरे बोलते. लाइम रोगाचा बहुतेक प्रसार गोचिडीच्या खसखशीएवढ्या पिल्लांकडून, वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्यात होतो. गोठणबिंदूखालच्या दिवशी गोचिडी निपचित असते. (पॉयझन आयव्हीच्या नुसत्या वेलीलाही हात लावू नये, पाने गळाली तरी तिचे विष कायम असते.) हे झाले माणसाच्या सोयीचे. माझ्या लेखी मुख्य कारण निराळे आहे. डबी बहुधा वाटेपासून दहा-वीस पावले आत असते आणि शोधणारा सरळ रेषेत न जाता त्या जागेभोवती घुटमळतो. शेकडो माणसे अशी घुटमळली की रानात नवी वहिवाट पडते. ओव्हनबर्ड हा चिमुकला पक्षी एप्रिल-मे महिन्यांत उष्ण कटिबंधातून येथे येतो आणि नेमक्या अशाच जागी, पाचोळ्यात, जमिनीवर, घुमटाकार घरटे बांधतो. ते घरटे चार पावलांवरूनही दिसत नाही. ब्लडरूटसारखी रानफुले त्याच सुमारास, झाडांना पाने फुटण्यापूर्वीच्या अल्प मुदतीत, फुलून जातात. जानेवारीत मात्र जमीन गोठलेली असते आणि पाऊल तिला फारसे दुखवीत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो की बर्फावर पावलांचे ठसे उमटून डबीची जागा उघडी पडते, आणि सूर्य तर पाच वाजण्यापूर्वीच मावळतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ठशांनी शोध सोपा होतो, पण त्याने रानाचे काही बिघडत नाही. आणि दिवस लहान असेल तर सकाळी लवकर निघावे, विजेरी बरोबर ठेवावी.

या खेळाला शिस्त नवी नाही. डबी जमिनीत पुरू नये, जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी घ्यावी, दोन डब्यांत किमान १६१ मीटरांचे अंतर असावे, हे नियम आहेत आणि प्रत्येक नवी डबी जाहीर होण्यापूर्वी स्वयंसेवक परीक्षक ते तपासून पाहतात. डबी काही काळ बंद असल्याचे घोषित करण्याची तजवीजही आहे. वाटेलगतच्या डब्या बंद ठेवण्याचे कारण नाही. परंतु वाट सोडून आत जावे लागते अशा प्रत्येक डबीला एप्रिल ते जुलै ही बंदी लागू करावी, आणि परगण्यांच्या उद्यान खात्यांनी परवानगी देतानाच हे कलम घालावे. यास पैसा लागत नाही.

न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि त्यांतील पुष्कळ घरे नोव्हेंबरात मिटतात ती एप्रिलपर्यंत उघडत नाहीत. महाराष्ट्रातून मुलांकडे जाणारे आई-वडीलही थंडीच्या धास्तीने उन्हाळ्याचेच तिकीट काढतात. ज्यांची प्रकृती धडधाकट आहे त्यांनी एकदा जानेवारीत जावे, जाड तळव्यांचे बूट घ्यावेत, आणि नातवंडांना घेऊन या रानात एक दिवस काढावा.