पावलांविना पुकारा

स्क्वेअर डान्समध्ये चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात आणि ‘कॉलर’ त्यांची पावलं न्याहाळत पुढची चाल पुकारतो. कुणी अडखळलं, तर सावरूनही घेतो.

असाच एक कॉलर, अर्नेस्ट लेग, फेब्रुवारी १९२८ मध्ये ब्रन्सविक कंपनीच्या रेकॉर्डिंगला गेला. वेस्ट व्हर्जिनियाचे केसिंजर काका-पुतणे फिडल नि गिटार घेऊन सोबत होते. ठिकाण बिग सँडी नदीपलीकडचं, केंटकीतलं अ‍ॅशलंड. (तबकडीवर काका-पुतणे ‘ब्रदर्स’ झाले! बँकेत आम्ही असा अर्ज परत पाठवला असता.)

पण मायक्रोफोनला पावलं कुठली? वेळ जेमतेम तीन मिनिटं. न दिसणाऱ्या जोड्यांना हाकारायचं, हे मला फिडलइतकंच अवघड वाटतं. तबकडी दमलेल्यांसाठी थांबत नाही, हे खरंच. पण ज्या गावात कॉलर नव्हता, तिथेही फोनोला चावी दिली की आठ माणसं लेगच्या हुकमावर गिरक्या घेऊ शकत होती.