नाल कोण भरतो?

"काल रात्री सातशे जितलो, बावा."
"मंग दिवाळीपासूनचा हिशेब काय?"
"हिशेब कोन ठेवते!"

अमरावतीच्या राजकमल चौकात म्हणा की अकोल्याच्या टिळक रोडवर, पानठेल्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की हे कानावर पडतं. माझं आजचं सांगणं त्या तिसऱ्या वाक्याबद्दल आहे.

पाच रुपयांच्या बुटावर तीन पत्ती, पॉइंटवर रमी, नाहीतर हल्लीच्या पोरांचं पोकर असे बारके डाव खेळणाऱ्यांसाठी मी लिहितो आहे. लाखाचे डाव लावणाऱ्यांना सांगायला मी कोण? पण ज्याच्या खिशात पाचशे आहेत आणि त्यातले दोनशे उद्याच्या पेट्रोलचे आहेत, त्यानं हे वाचावं. भाऊ, तुम्ही समोर बसलेल्या पाच जणांशी खेळताय असं तुम्हांला वाटतं. त्याआधी तुम्ही त्या कोपऱ्यातल्या डब्याशी खेळताय.

डब्यात पडते ती नाल. जागा, पत्ते, चहा आणि दाराशी उभा केलेला पोरगा यांच्या बदल्यात बैठक चालवणारा दर डावातून जे काढून घेतो ते. तिचा हिशेब एकदा पाटीवर मांडून पाहू.

समजा सहा जण बसले, प्रत्येकाजवळ पाचशे. गादीवर एकूण तीन हजार. डाव सरासरी शंभराचा होतो आणि दर डावाला पाच रुपये नाल. पाच टक्के ऐकायला काहीच वाटत नाही. पण पत्ते वाटणारा चपळ असेल तर तासाला तीस डाव सहज होतात. म्हणजे तासाला दीडशे रुपये डब्यात, चार तासांत सहाशे. तीन हजारांतले सहाशे, सरळ पाचवा हिस्सा! हेच सहा जण तेवढेच पैसे घेऊन वीस तास खेळत राहिले तर गादीवर एक रुपया उरणार नाही. सगळे हरलेले आणि जिंकलेला कुणीच नाही.

हा झाला सरळ हिशेब. बारक्या डावात तो याहून वाईट असतो. तीन पत्तीत सहा जणांनी पाच-पाच बूट टाकला, एकानं चाल केली, बाकी सगळे पॅक झाले. गादीवर दुसऱ्यांचे आणि त्याचे मिळून बुटाचे तीस रुपये. त्यातूनही पाचचं नाणं डब्यात गेलंच. तीसमधले पाच म्हणजे सहावा हिस्सा. दीड रुपया कोण मोजून घेणार? म्हणून पाच. मोठ्या फडावर उलटं असतं. तिथं नाल टक्क्यावर असली तरी तिला वरची हद्द असते. हद्द साठ रुपयांची आणि डाव तीन हजारांचा असेल तर दोनच टक्के गेले. बारक्या खेळाला ती हद्द कधी लागतच नाही. गरिबाला किरकोळीचा भाव आणि श्रीमंताला घाऊक, हे किराण्यात जसं तसंच इथंही.

आता कुणी म्हणेल, मी चांगला खेळतो. असाल. मीही होतो. तुम्ही बाकीच्यांपेक्षा इतके सरस आहात असं धरू की नाल नसती तर तासाला वीस रुपये कमावले असते. पाचशेच्या भांडवलावर हे काही थोडं नाही. पण तासाच्या दीडशे नालेतला तुमचा सहावा वाटा पंचवीस रुपये. म्हणजे बैठकीतला सर्वांत हुशार माणूस तासाला पाच रुपयांनी बुडतो आहे आणि नशिबाला शिव्या देतो आहे.

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकलो नाही. तरुणपणी एका बैठकीला नेमानं जायचो. एका वर्षी दिवाळीपासून होळीपर्यंत वहीत लिहून ठेवलं. ३१ रात्री झाल्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त रात्री मी जिंकून घरी आलो होतो आणि गल्लीत तसं सांगतही होतो. बेरीज केली तर १,९०० रुपयांनी खाली. मग डोकं लावून नालेचा अंदाज काढला, रात्रीचे शंभर धरले तर ३,१००. म्हणजे माणसांशी मी जिंकलो होतो, बाराशेनं. बायकोला वही दाखवली तेव्हा ती म्हणाली, "मंग त्या डब्यावाल्याशीच भागी करायची होती ना!"

नाल मनाला लागत नाही, कारण ती जिंकणाऱ्याच्या ढिगातून काढतात. त्याच्यासमोर शंभर आलेले असतात, पाच गेले तर तो हसतो, वर चहावाल्या पोरालाही दहा देतो. हरणाऱ्याला वाटतं आपले पैसे समोरच्यानं नेले. डब्याकडे दोघांचंही लक्ष नसतं. गंमत बघा, हाच माणूस सोयाबीन घेऊन बाजार समितीत जातो तेव्हा हमाली किती, तोलाई किती, हाती काय पडलं हे पट्टीवर बोट ठेवून विचारतो. रुपयासाठी भांडतो. आणि संध्याकाळी गादीवर बसला की पट्टी मागत नाही.

मटक्यातही हेच आहे, फक्त तिथं डबा दिसत नाही. दहा आकड्यांतून एक लावायचा आणि लागला तर नऊपट घ्यायचे. दहावा हिस्सा भावातच गिळलेला. मटक्याचे दहा टक्के ऐकून पत्तेवाले नाक मुरडतात, आमचे पाचच म्हणतात. पण मटका दिवसाला एक-दोनदा खुलतो. तुमचे पाच टक्के तासाला तीसदा.

हा धंदा काही आजचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षानं जिंकलेल्या रकमेच्या शंभरी पाच घ्यावेत, वर फाशांचं भाडं, पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे, असं सांगितलं आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत तर मिताक्षरा या टीकेच्या अर्थानुसार शंभर किंवा त्याहून जास्त जिंकणाऱ्याकडून सभिकानं, म्हणजे तेव्हाच्या बैठकवाल्यानं, पाच टक्के घ्यावेत आणि त्याहून कमीवाल्याकडून दहा. बारक्या खेळाडूला दुप्पट दर! तेव्हापासून आजवर गादी बदलली, दर नाही बदलला.

आणि आपल्याकडे नल राजाची गोष्ट कुणाला ठाऊक नाही? दमयंती तर विदर्भाची लेक, तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर हे तिचं माहेर असं आपण मानतो. नल पुष्कराकडून सगळं राज्य हरला. पुढे ऋतुपर्णानं त्याला शिकवलं काय, तर झाडावरची पानं-फळं नजरेनं मोजण्याची विद्या आणि त्यासोबत फाशांचं मर्म. मग तो परत बसला आणि जिंकला. अर्थात त्या खेळात मध्ये डबा ठेवून बसलेला तिसरा कुणी नव्हता, हेही ध्यानात घ्या.

आता कायद्याचं. "रमी तर कौशल्याचा खेळ, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय," असं बैठकवाले छाती ठोकून सांगतात. सांगतात ते अर्धं. १९६८ साली आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, क्लबनं सोयीसुविधांसाठी थोडे जादा पैसे घेणं चालतं असंही म्हटलं. पण त्याच निकालात पुढे आहे की जागेचा मालक पैशाच्या खेळातून नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो. आणि तीन पत्ती? ती निव्वळ नशिबाचा खेळ, असं तिथंच नोंदवलं आहे. महाराष्ट्रात लागू असलेला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्यात जुगाराचा अड्डा ओळखण्याची खूणच ही सांगितली आहे की खेळाच्या साधनांतून किंवा जागेतून चालवणाऱ्याला नफा होतो का. म्हणजे ज्या डब्याकडे तुम्ही बघत नाही, पोलीस आधी त्याच्याकडे बघतात. चालवणाऱ्यावर कलम ४, आणि नुसतं बसलेल्यांवर कलम ५. पोळ्याच्या दिवसांत धाड पडली की गावच्या गाव शरमेनं पेपरात येतं. तो खर्च मी वरच्या हिशेबात धरलेलाच नाही.

मोबाईलवरच्या पैशाच्या रमी-पोकरवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आली, ते बरं झालं. मग काही जण गोव्याचा रस्ता धरतात. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर खेळ कायद्यात बसतो, हे खरं. पण तिथंही दर डावाची कपात आहे, शिवाय चिप्स घेतानाच जीएसटी लागतो. तो ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. एवढं करून जिंकलातच तर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, आणि आदल्या रात्री हरलेले त्यातून वजा होत नाहीत. अमरावती-मडगाव येण्याजाण्याचं भाडं तुम्हीच जोडा.

तर काय करायचं? माझं मत विचाराल तर पैसे लावूच नका. आमच्या घरी अजून पत्ते होतात, शेंगदाण्यावर. हरलेला शेंगदाणे खातो म्हणून भांडण होतं, ते सोडलं तर सगळं ठीक. हे ज्याला जमेल त्यानं करावं. न जमणाऱ्यानं निदान पत्त्यांच्या बैठकीला कमाई म्हणणं सोडावं. सिनेमाला दीडशे जातात तसे हे गेले असं धरून जावं, आणि तेवढेच न्यावेत. जिथं बसवल्याबसवल्या कुणी उधार देऊ करतो, तिथं पाणीसुद्धा पिऊ नये.

आणि एक प्रयोग करा. पुढच्या वेळी कुणी ओढून नेलंच तर डाव्या खिशात तुरीचे वीस दाणे टाका. डब्यात पाच रुपये पडले की एक दाणा उजव्या खिशात. कुणी जिंको, कुणी हरो, तुमचं लक्ष दाण्याकडे. वीस दाणे संपायला पाऊण तासही लागणार नाही. शंभर रुपये गादीवरून उठून गेलेले असतील. मग डावा खिसा चाचपून बघा आणि चपला घाला.