अर्ध्या वाटेवरची वंदना

प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांचे निर्वाणस्थान म्हणून जैन परंपरेत अष्टापद पर्वताचे नाव भक्तिभावाने घेतले जाते. दिगंबर पुराणे त्याला कैलास म्हणतात; श्वेतांबर कथांत त्याला आठ महाकाय पायऱ्या आहेत. भरत चक्रवर्तींनी तेथे जिनमंदिरे उभारल्याचे दोन्ही परंपरा सांगतात. सम्मेदशिखर, गिरनार, शत्रुंजय, पावापुरी या तीर्थांपर्यंत श्रावक आपल्या पायांनी पोहोचतो. अष्टापदापुढे मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या दुरूनच हात जोडत आला आहे. तरीही उत्तरेकडील हिमशिखरांची ओढ सुटत नाही, आणि त्या ओढीने काही जैन कुटुंबे ऋषिकेशहून बद्रीनाथच्या रस्त्याला लागतात.

सांगलीकडील असेच एक कुटुंब ज्येष्ठ सरता सरता निघाले. ७४ वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि महाविद्यालयात शिकणारा नातू. बद्रीनाथच्या भूमीवर उभे राहून कैलासाच्या दिशेने एकदा वंदना करावी, ही आजींची फार वर्षांची इच्छा होती. चातुर्मास लागला की त्या गाव सोडत नसत. म्हणून आषाढी अष्टान्हिकेपूर्वी परतायचे ठरले होते. हरिद्वारहून परतीच्या गाडीची तिकिटे काढलेली होती. सामानात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी गाळण्याचे दुहेरी कापड होते. गाडी भाड्याची आणि चालक गढवालचाच होता.

ऋषिकेश ते बद्रीनाथ हे अंतर सुमारे ३०० किलोमीटरांचे. मैदानात ते पाच-सहा तासांचे काम; येथे दोन दिवसही अपुरे पडतात. देवप्रयागला हिरवट भागीरथी आणि गढूळ अलकनंदा एकत्र येतात आणि तेथून पुढच्या प्रवाहाला गंगा हे नाव मिळते. मग रस्ता अलकनंदेचा हात धरून वर चढतो. रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग अशी एकेका संगमाची गावे मागे पडतात. एका बाजूला कापलेला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी.

पहिला मुक्काम श्रीनगरला झाला. हे काश्मीरचे नव्हे, गढवालचे श्रीनगर. सूर्यास्तापूर्वी आजींचे भोजन व्हावे म्हणून गाडी लवकर थांबवावी लागली, तेव्हा मुलाच्या कपाळावर आठी उमटली होती. अजून तासभर उजेड होता, आणि तेवढ्यात रुद्रप्रयाग गाठता आले असते. चालकाला मात्र हा नियम आवडला. “अंधार पडण्याआधी थांबणारी सवारी आम्हांला क्वचित मिळते, माताजी,” तो म्हणाला.

श्रीनगरला दिगंबर जैन मंदिर आहे. शेडबाळ गावी जन्मलेले, पुढे आचार्य झालेले विद्यानंदजी मुनी १९७० साली पायी विहार करत या प्रदेशात आले आणि त्या वर्षीचा चातुर्मास त्यांनी याच श्रीनगरात केला. शेडबाळ म्हणजे आजींच्या माहेरच्या शेजारचे गाव. ज्या वाटेवर आपण गाडीत बसून थकलो, त्या वाटेवर आपल्याकडचे एक दिगंबर मुनी चालत आले होते, या जाणिवेने त्या मंदिराच्या सभामंडपात बराच वेळ निःशब्द बसून राहिल्या.

या गावाला पुराची एक जुनी आठवण आहे. १८९३ साली वरच्या खोऱ्यात, गोहना गावाजवळ, प्रचंड दरड कोसळून बिरही गंगेचा प्रवाह अडला आणि मागे विशाल सरोवर साचू लागले. हा बांध केव्हातरी ओसंडणार हे ओळखून अभियंत्यांनी पाण्याची चढती पातळी मोजली, खालच्या गावांपर्यंत तारायंत्राची सोय केली आणि माणसे उंचावर हलवली. १८९४ च्या ऑगस्टअखेर बांध फुटला. श्रीनगर वाहून गेले. तेथील जुने जैन मंदिरही त्यात गेले. आजचे मंदिर त्यानंतर उभारलेले आहे. परंतु एवढ्या महापुरात प्राणहानी झाली ती केवळ पाच जणांची. हलवल्यानंतरही सरोवराजवळ परत गेलेला एक फकीर आणि त्याचे कुटुंबीय तेवढे दगावले. बाकीच्यांनी घरे सोडली आणि पाण्याची वाट पाहत थांबले, म्हणून ते वाचले.

दुसऱ्या दिवशी चमोलीच्या पुढे ती बिरही गंगा रस्त्यातच भेटली. नातवाने गाडी थांबवायला सांगितली. दगडांतून वाहणारा तो साधासा प्रवाह पाहून याने एक नगर बुडवले असेल यावर विश्वास बसत नव्हता. दुपारी पिपळकोटी आले आणि तेथेच वाहनांची रांग लागलेली दिसली. रात्रीच्या पावसाने जोशीमठच्या अलीकडे दरड कोसळली होती.

हिमालय हा वयाने तरुण पर्वत आहे. भारतीय भूखंड आजही उत्तरेकडे रेटत असल्याने त्याचे खडक दुमडलेले आणि भेगाळलेले आहेत. पावसाचे पाणी त्या भेगांत मुरते, माती जड होते, आणि रस्त्यासाठी पायथा कापलेला असेल तर उताराचा आधारच जातो. जोशीमठ नगर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे, तेथे अवजड बांधकामे करू नयेत, असा इशारा सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ सालीच दिला होता. २०२३ च्या जानेवारीत त्या नगरातील शेकडो घरांना तडे गेले.

दोन दिवस पिपळकोटीत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी लहान वाहनांसाठी एकेरी वाट मोकळी झाली. रांगेत एकच धांदल उडाली. पुढे सरकलेल्या गाडीतून दिसले, की वरच्या उतारावरून बारीक खडे अजून घरंगळत आहेत. मुलगा म्हणाला, “निघूया. अवघ्या काही तासांची वाट राहिली आहे. आईला पुन्हा इकडे कधी आणणार?” चालक म्हणाला, “साहेब, तुम्ही सांगाल तर मी नेईन. पण खडे पडायचे थांबलेले नाहीत. आणि वर गेल्यावर परत केव्हा उतरता येईल, याचा भरवसा नाही.”

मुलाचे बोलणे खोटे नव्हते. या वयात आजी पुन्हा येणार नाहीत, हे गाडीतील प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांना स्वतःलाही.

आजींनी थोडा वेळ त्या उताराकडे पाहिले. मग म्हणाल्या, “माझ्या इच्छेपायी या चालकाच्या मुलाबाळांना घोर लावायचा? नको. गाडी फिरव.”

“आई, इतक्या लांब येऊन?”

“अष्टापदापर्यंत रस्ता जात नाही, बाळा. बद्रीनाथहूनही दुरूनच हात जोडायचे होते. ते इथूनही जोडता येतात.”

त्या रस्त्याकडेच्या एका सपाट जागी उतरल्या. नातवाने दिशा दाखवली. ढगांमुळे एकही शिखर दिसत नव्हते. त्यांनी णमोकार म्हटला, ऋषभदेवांचे स्मरण केले आणि तीन वेळा वाकून वंदना केली. उठताना डोळे पुसले. त्या अश्रूंत भक्ती किती आणि न गेल्याची हुरहूर किती, हे कोणी विचारले नाही. थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या मुलानेही हात जोडले.

त्या दिवशी पुढे गेलेल्यांपैकी बहुतेक जण कदाचित सुखरूप पोहोचले असतील. म्हणून आजींचा निर्णय चुकीचा ठरत नाही. मुनींच्या ईर्यासमितीत पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचे असते. पाऊल टाकण्यापूर्वी दर वेळी जीव दिसतोच असे नाही, तरीही पाहणे सोडायचे नसते. हिंसेचे मूळ आचार्यांनी प्रमादात सांगितले आहे. चातुर्मासात विहार थांबतो तो याच भावनेने: पावसात भूमी जीवांनी भरलेली असते, म्हणून चालणाऱ्यानेच थांबावे. हिमालयाच्या ठिसूळ वाटेवर हा विवेक वाहनात बसलेल्या श्रावकालाही लागू पडतो. मुक्कामाला उजेडी थांबावे, चालकाला घाई करू नये, परतीच्या तारखेत दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत, आणि डोंगराने नाही म्हटले तर ते मानावे.

भाववंदनेला आपल्या परंपरेत कमी लेखलेले नाही. घरी परतल्यावर शेजारणींनी विचारले, “बद्रीनाथ झाले का?” आजी म्हणाल्या, “पिपळकोटीपर्यंत झाले.” मग चातुर्मास लागला, आणि त्या नेहमीप्रमाणे पहाटे उत्तरेकडे तोंड करून जपाला बसू लागल्या.