गिअर मोजू नका भो, माप घ्या!

काल एक ओळखीचे भेटले. सातवीतल्या पोराला सायकल घेतली म्हणे. "एकवीस गिअर, दोन्हीकडे डिस्क, पुढे शॉकअप!" मी विचारलं, फ्रेम कितीची? गप्प. मग म्हणाले, "जरा मोठीच घेतली, पोरगं वाढतंय ना."

भो, सायकल म्हणजे शाळेचा गणवेश नाही, दोन वर्षं पुरावा म्हणून ढगळ घ्यायला!

मी काही जन्मजात शहाणा नाही. तीन वर्षांपूर्वी पहिली बऱ्यापैकी एमटीबी घेतली. दुकानदाराने हवा दगडासारखी भरली, फोटो काढला, पैसे घेतले, संपलं. पंधरा दिवसांत गुडघा धरला. लळिंगकडच्या कच्च्या उतारावर चाक घसरलं, कोपर सोलून निघालं. मी शिव्या रस्त्याला दिल्या. शेवटी नाशिकच्या एका मित्राने अर्ध्या तासात सायकल माझ्या अंगाला बसवून दिली. खर्च शून्य.

केलं काय? टाच पॅडलवर ठेवून पाय खाली सरळ होईल इतकी सीट वर घेतली. मग पंजा ठेवला की गुडघ्यात हलका बाक राहतो. रुंद टायरमधली हवा 60 वरून 35 पीएसआयवर आणली, टायरवर छापलेल्या मर्यादेतच. चाक खडीवर उड्या मारायचं थांबलं. ब्रेकचे लिव्हर मनगट न वाकता बोटं पोचतील असे फिरवले. मी बसल्यावर शॉकअप साधारण पाव भाग दबतो का, तेही पाहिलं. आणि सगळ्यात आधी फ्रेम : दांड्यावरून उभं राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकून वर दोनेक इंच जागा उरली पाहिजे.

आता कोणी म्हणेल, "आमचे बाप काळ्या सायकलीवर दुधाचे कॅन वाहायचे, त्यांनी कुठं माप घेतलं?" खरंय. आम्हीही कैची मारतच शिकलो. पण तेव्हा शेजारून वाळूचे डंपर जात नव्हते. जळगावात महामार्ग गावाच्या मधून जातो आणि शाळा-कॉलेजची पोरं तोच ओलांडतात. ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्याने अचानक ब्रेक मारला तर तो कुठल्या बाजूला पडेल? विचार करा.

दुकानदारांनो, फुकट स्टँड नको, वीस मिनिटं द्या. पालकांनो, पाचशे कमी करायला तासभर घासाघीस करता, मग पोराला एकदा दांड्यावर उभं करून बघा. आणि वाढदिवसाला सायकली वाटणाऱ्या नेत्यांनो, बॅनर एक कमी लावा, पण सोबत एक मिस्त्री आणा. प्रत्येक पोरीची सीट तिच्या मापाने लावून द्या, मग खुशाल फोटो काढा.

नाहीतर होतं काय, महिनाभरात गुडघे दुखतात, सायकल गॅलरीत जाते, तिच्यावर कपडे वाळतात. आणि आपण म्हणतो, "आजकालच्या पोरांना सायकल नकोच!"

पोरांना सायकल हवीय हो. त्यांच्या मापाची हवीय.

पटलं तर आज संध्याकाळी घरातली सायकल तपासा. मग शेअर करा.