वलिम्याचा डीजे आणि ‘लायसन्स’चं बिल

कर्ज काढून डीजे लावायचा आणि वर त्याला इज्जत म्हणायचं, हे रत्नागिरीतल्या आपल्या पिढीने आता बंद करावं. वलिम्याला गाणीच हवीत ना? दोन स्पीकर भाड्याने आणा, गाणी आधीच मोबाइलमध्ये डाउनलोड करा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन गाण्यात मामूंचा कॉल वाजेल. एका चुलतभावाला फोनजवळ बसवा. झालं.

मग हॉलवाला ‘गाण्यांचं लायसन्स’ म्हणून पैसे मागतो. देऊ नका! कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ : लग्नात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणी वाजवणं हा हक्कभंग नाही. केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ रोजी जाहीर सूचना काढून हेच सांगितलंय. तिची प्रिंट खिशात ठेवा. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला मात्र कायद्याची मनाई आहे. तिथे हुज्जत घालू नका.

आणि हळदीला गाणाऱ्या आपल्या नानी, खाला? त्यांना कोकणी बोलीतली गाणी तोंडपाठ आहेत, मानधनही मागत नाहीत. डीजेच्या दणदणाटात त्यांना गप्प कुणी बसवलं? आपणच, तेही पैसे मोजून. यंदा पहिला माईक त्यांच्या हातात द्या.