दोन नोंदवह्यांची गाठ पडू द्या

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड सिद्ध केले. 1926च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांचा संग्रह जपण्यासाठी तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. पोथ्या, मोडी कागद, नाणी, मूर्ती असे सारे तिथे एका छपराखाली आहे. बहुतेक गावांच्या नशिबी हे नाही. नाणी नि शिक्के संग्रहालयाच्या कपाटात, तर त्यांचा उलगडा करणारी बखर किंवा स्थानिक साप्ताहिकाची जुनी फाइल वाचनालयाच्या माळ्यावर. या दोन्ही संस्थांच्या नोंदवह्यांची गाठच पडत नाही.

सांगलीच्या नगर वाचनालयात 2019च्या महापुराने हजारो ग्रंथ नासवले. त्यामुळे जुन्या कागदांचे स्कॅनिंग तातडीने हवे, यात वाद नाही. पण फोटो काढून हार्ड डिस्क भरली की काम झाले, ही समजूत घातक आहे.

एखादे मोडी पत्र घ्या. मजकूर लांबला की कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवलेले असतात. वर्ष बऱ्याचदा सुहूर सनात, तारीख चंद्राने दिलेली. शेवटी 'मोर्तब सुद'चा छोटा शिक्का. कधी सांध्यावर शिक्का, तर कधी पाठीमागे कारकुनी शेरा. घाईत पुढचीच बाजू टिपली, तर कागद अस्सल की बनावट हे ठरवणारा पुरावाच हातचा जातो. शिक्का संग्रहालयातला माणूस ओळखेल, अक्षर मोडीचा जाणकार लावेल आणि गावांची, माणसांची नावे सूचीत नीट बसवणे ग्रंथपालाला जमेल. या तिघांनी एका टेबलाशी बसायलाच हवे. नोंद नसलेला फोटो शोधून सापडत नाही.

गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून 45 खंड संपादित केले. छपाईला मर्यादा होती, त्यामुळे निवड करावीच लागली आणि कागदांची हजारो गाठोडी, म्हणजे रुमाल, मागे राहिले. वतनाचे तंटे, पाटीलकीची भांडणे, पेठेतली देणीघेणी असल्या कागदांत गावाचा इतिहास असतो. आज छपाईची ती मर्यादा उरलेली नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी' या संकेतस्थळावर जुनी वृत्तपत्रे, नकाशे, हस्तलिखिते खुली करून दाखवली आहेत. मोडीलाही 2014मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली.

राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालापासून आहे, त्याखाली अनुदानही मिळते. त्या अनुदानात संग्रहालयासोबत करायच्या सामाईक सूचीसाठी वेगळी तरतूद शासनाने करावी. स्कॅनर तालुक्यातल्या संस्थांनी मिळून एकच घेतला तरी चालेल. मोडी वाचणाऱ्याचे मानधन मात्र वेळेवर मिळाले पाहिजे.

आणि घरच्या ट्रंकेत मोडी कागद असतील, तर त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. जवळच्या वाचनालयाला किंवा संग्रहालयाला दोन्ही बाजूंची प्रत काढू द्या. मूळ कागद तुमच्याच घरी राहतील.