वाटेची सेवा

मृगाच्या सरी कोसळल्या की काळ्या रानातील पाऊलवाट चिखलाने भरते. दिंडी गाठावयास निघालेल्या वृद्धांचे पाऊल घोट्याच्या वर रुतते. विहीर, तलाव, अन्नदान यांना शास्त्रकारांनी ‘पूर्त’ म्हटले. वाट दुरुस्त करणे आम्ही त्याच पंक्तीत मानतो. श्रमदान करणारे तरुण जाणतात की, चिखलावर नुसती माती लोटणे व्यर्थ आहे. आधी कडेने चर खोदून पाणी काढावे, मग दगड बसवावेत, वर मुरूम चोपावा. गाडगेमहाराज (१८७६-१९५६) दिवसा खराट्याने गाव झाडीत, रात्री कीर्तन करीत. आम्ही जन्मभर केवळ कीर्तनच केले, ही आमची खंत आहे. वाचकहो, द्वादशीचे पारणे होताच एक घमेले आपण उचलावे, दुसरे आम्ही उचलू. परतणाऱ्या वारकऱ्याला तरी वाट कोरडी मिळो!